बर्फाचा थर की कणांचा गोळा?

ताऱ्यांच्या दरम्यान पसरलेल्या वायू-धुळीच्या गडद मेघांत धुळीचे कण मोठे होतात, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. कसे, हे सांगताना मात्र दोन निराळ्या घटनांची सर्रास गल्लत होते. एकीत कणावर बर्फ चढतो, दुसरीत कणाला कण चिकटतो. संक्रांतीचा काटेरी हलवा आणि तिळाचा लाडू यांत जो फरक, तोच इथे.

आधी बर्फ. मेघाच्या गाभ्यात तापमान १० केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे २६३ अंश सेल्सिअस. ऑक्सिजनचे अणू कणावर येऊन बसतात, तिथेच त्यांची हायड्रोजनशी गाठ पडते आणि पाणी होतं. थोडक्यात, हा बर्फ बाहेरून पडलेला नाही, कणावरच घडलेला आहे. कार्बन मोनॉक्साइड मात्र २० केल्विनच्या खाली वायूतून थेट येऊन गोठतो. धुळीचं वजन वाढतं, तेवढा वायू रिता होतो. पण याला मर्यादा आहे. लहान-मोठ्या सगळ्या कणांवर थर साधारण सारख्याच जाडीचा बसतो आणि मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) काही शतांशांतच कच्चा माल संपतो. ०.१ मायक्रॉनचा कण नुसत्या बर्फाने १ मायक्रॉनचा होणं शक्यच नाही.

तेवढं मोठं व्हायचं तर कणांनी एकमेकांना चिकटायला हवं. यात धुळीचं एकूण वजन तेच राहतं, कणांची संख्या घटते. टक्कर हळू हवी. वेग वाढला की कण चिकटायचे सोडून फुटतात. बर्फाळ कण जास्त सहज चिकटतात, म्हणून दोन्ही गोष्टी बहुधा एकाच मेघात सापडतात. गल्लतीचं मूळ तेच.

ओळखायच्या खुणा मात्र वेगळ्या. पाण्याचा बर्फ मागच्या ताऱ्याचा ३ मायक्रॉनच्या आसपासचा अवरक्त प्रकाश शोषतो. मोठे कण प्रकाश विखुरतात: २०१० मध्ये स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांत गडद मेघांचे गाभे ३.६ मायक्रॉनला चक्क उजळलेले दिसले, आणि त्यासाठी सुमारे मायक्रॉनभराचे कण लागतात.

माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचं. तिथल्या ट्रॅपेझियम नावाच्या तारकागुच्छातल्या ताऱ्यांचा प्रकाश धुळीतून येताना नेहमीच्या प्रमाणात तांबूस होत नाही, हे बाडे आणि मिन्कोव्स्की या खगोलशास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच नोंदवलं होतं. बारीक कण कमी, मोठे जास्त असले की असं होतं. त्या तापलेल्या ताऱ्यांच्या अतिनील माऱ्यात बर्फाचा निभाव लागणं कठीण. एकदा चिकटलेले दगडी कण मात्र बर्फ उडाला तरी लगेच सुटे होत नाहीत.