सीआरपी उतरला, मग धाप का वाढली?

एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुप्रभातची फुलं बंद झाली आणि रिपोर्टचे फोटो सुरू झाले. ‘सीआरपी किती?’, ‘स्कोअर किती?’ दिवसभर तेच. सीआरपी म्हणजे शरीरातला दाह दाखवणारं रक्तातलं एक प्रथिन, स्कोअर म्हणजे सीटी स्कॅनवरून फुप्फुस किती बाधित त्याचा आकडा. मामांचा सीआरपी एका लॅबने ९.६ दिला आणि दोन दिवसांनी दुसऱ्या लॅबने ८८. नऊपट वाढला म्हणून ग्रुपवर एकच घबराट. खरं तर तो उतरला होता. पहिल्या कागदावर एकक होतं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, दुसऱ्यावर प्रति लिटर. पहिल्या लॅबचा ९.६ म्हणजे दुसरीच्या हिशेबात ९६. या गोंधळात एक गोष्ट राहूनच गेली: आकडा उतरत असताना मामांची धाप मात्र वाढत होती.

हे कसं, ते कळायला सीआरपी येतो कुठून ते पाहावं लागतं. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोघे न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. न्यूमोकोकस जंतूपासून वेगळ्या केलेल्या ‘सी’ नावाच्या पदार्थात आजारी माणसाच्या रक्तातला द्रव मिसळला की साका बसायचा. रुग्ण बरा झाला की बसायचा नाही. त्या ‘सी’शी जुळणारं प्रथिन म्हणून सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. गंमत अशी, की न्यूमोनियात सापडलेलं हे प्रथिन मुख्यतः यकृतात तयार होतं. कुठेही दाह झाला की रोगप्रतिकारक पेशी इंटरल्युकिन-६ नावाचा संदेश सोडतात, तो यकृताला पोचतो आणि काही तासांतच सीआरपी चढू लागतो. साधारण दोन दिवसांत तो शिखर गाठतो. संदेश थांबला, की दर १९ तासांना रक्तातला सीआरपी निम्मा होतो. म्हणजे शरीरात दाह किती आहे हे तो सांगतो, पण फुप्फुसात काय चाललंय याबद्दल थेट काहीच सांगत नाही.

फुप्फुसाचं वेळापत्रक वेगळं. वायुकोशातली हवा आणि केशवाहिनीतलं रक्त यांच्यामधला पडदा बहुतेक जागी एका मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो. विषाणूने आणि त्याच्यावर तुटून पडलेल्या पेशींनी मिळून तो फाडला की रक्तातला प्रथिनयुक्त द्रव वायुकोशात झिरपतो. कोश उघडे ठेवणारा तेलकट थर निकामी होतो आणि काही कोश मिटून जातात. कोकणातल्या कुणालाही हे लगेच समजेल: पाऊस थांबला म्हणून भिंतीची ओल त्याच दिवशी जात नाही. सीआरपी हे पावसाचं मोजमाप, ओल निराळी मोजावी लागते.

ती मोजायची कशी? बोटावरचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. समजा, दोन खाटांवर दोघांचंही सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ९४ आहे. एक जण साध्या हवेवर आहे, तिच्यात ऑक्सिजन २१ टक्के. दुसऱ्याला ६० टक्के ऑक्सिजन चालू आहे. दोघांच्या धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब ७२ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास निघेल. आता ७२ ला ०.२१ ने भागा: ३४३. ०.६ ने भागा: १२०. हाच तो पी-एफ रेशो, निरोगी माणसात ४०० च्या वर असणारा. अतिदक्षता विभागातले डॉक्टर नातेवाइकांना ‘अजून काही सांगता येत नाही’ म्हणतात, तेव्हा बहुधा हाच भागाकार त्यांच्या डोक्यात असतो. २०१२ च्या बर्लिन व्याख्येनुसार तो ३०० पर्यंत उतरला की सौम्य, २०० ला मध्यम आणि १०० ला तीव्र एआरडीएस, म्हणजे फुप्फुस सुजून ऑक्सिजन घेणं बिघडण्याचा गंभीर आजार.

दाह आणि ऑक्सिजन दोन्ही एकत्र वाचल्याचा फायदा किती, ते कोविडची औषधं तपासणाऱ्या ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत दिसलं. जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडचे निकाल आले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आलं. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना काहीच फायदा झाला नाही. आपल्याकडे मात्र ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी घरीच स्टिरॉइड सुरू केलेली माणसं मी पाहिली आहेत. पुढे त्याच चाचणीत टॉसिलिझुमॅब या दाह रोखणाऱ्या औषधासाठी दोन अटी होत्या: ऑक्सिजनची गरज किंवा सॅच्युरेशन ९२ च्या खाली, आणि सीआरपी किमान ७५ मिलिग्रॅम प्रति लिटर. मृत्यू ३५ वरून ३१ टक्क्यांवर आले. लहान वाटतो हा फरक, पण शंभरात चार माणसं.

या औषधात एक मेख आहे. ते इंटरल्युकिन-६ चा संदेशच अडवतं. यकृताला निरोप मिळत नाही, सीआरपी धाडकन कोसळतो आणि नातेवाईक पेढ्यांची चौकशी करू लागतात. पण फुप्फुस सुधारलं नसलं किंवा नवा जंतुसंसर्ग झाला असला तरीही सीआरपी खालीच राहू शकतो. अशा वेळी त्याच्यावर विसंबण्यात अर्थ नसतो.

उलटही घडतं. २००० साली अमेरिकेत एआरडीएसच्या ८६१ रुग्णांवर व्हेंटिलेटरच्या श्वासाची तुलना झाली: उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोला १२ मिलिलिटर की ६. मोठ्या श्वासाच्या गटात पहिल्या दिवशी पी-एफ रेशो चांगला दिसला. तरीही त्या गटात ३९.८ टक्के रुग्ण दगावले, लहान श्वासाच्या गटात ३१. लहान श्वास मिळालेल्यांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ जास्त उतरलं होतं. सुजलेलं फुप्फुस जोराने ताणलं की तेच नवा दाह पेरतं.

मामा सतरा दिवसांनी घरी आले. सीआरपी तेव्हा ४, मिलिग्रॅम प्रति लिटर, एकक मी दोनदा वाचलं. दीड महिन्याने फुप्फुसाच्या तपासणीत त्यांना कार्बन मोनॉक्साइडचा अंश असलेली हवा ओढून दहा सेकंद श्वास रोखायला सांगितलं. किती वायू रक्तात झिरपतो, ते यातून मोजतात. आकडा अजून कमीच होता. आमच्या सोसायटीला लिफ्ट नाही. पावसाळाभर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांच्यासाठी एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलेली असायची.