सिकलसेल आणि ब्लड कॅन्सर: एकात पेशी लवकर मरते, दुसऱ्यात मरतच नाही

"पोराच्या अंगात रक्तच रायत नाही." गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गावांत असं कोणी बोललं की शेजारपाजारचे लगेच कॅन्सरवर येतात. पोरगं फिकट, हिमोग्लोबिन कमी, हाडं दुखतात, मधूनच ताप. सिकलसेलमध्येही हेच आणि ल्युकेमियामध्येही, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या ब्लड कॅन्सरमध्येही, त्यामुळे घोटाळा होणारच. पण पेशीच्या आत पाहिलं तर दोन्हींची तऱ्हा उलटी आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी; ती नीट दुमडून ठरलेला आकार घेते, त्यालाच घडी म्हणतात. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनची घडी चुकलेली नसते. त्याच्या बीटा नावाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल, एवढाच फरक; तो आईबापांकडून येतो. मात्र ऑक्सिजन सोडला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत संपते. लाल पेशीत केंद्रकच (जनुकं असलेला गाभा) नाही, नवं प्रथिन बनवायची सोय नाही. ती दुरुस्ती करणार कशाच्या जोरावर?

ल्युकेमियाच्या पेशीकडे केंद्रकासह सगळी यंत्रणा शाबूत असते. ती भराभर वाढते, भराभर प्रथिनं बनवते, आणि त्यात चुकीच्या घडीची प्रथिनं साचत जातात. अशा वेळी कुठलीही पेशी आधी उत्पादन कमी करते, घडी घालायला मदत करणारी चॅपरोन प्रथिनं वाढवते, बिघडलेला माल प्रोटिआसोमकडे, म्हणजे प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रणेकडे, मोडायला पाठवते. एवढं करूनही आवरलं नाही, तर स्वतःला संपवते. ल्युकेमियाची पेशी बचावाचे उपाय जोरात वापरते आणि शेवटचं टाळते. खरी मेख इथंच आहे. मग हा बचावच तोडला तर? बोर्टेझोमिब हे औषध प्रोटिआसोम बंद पाडतं. मायलोमा या दुसऱ्या ब्लड कॅन्सरमध्ये ते चांगलं चाललं, ल्युकेमियात एकट्यानं तितकं नाही. आर्सेनिक ट्रायऑक्साइडची गोष्ट वेगळी: ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या प्रकारात पीएमएल-रारा नावाचं जोडप्रथिन रोग चालवतं, आणि हे औषध पेशीला तेच मोडायला लावतं.

गावात सिकलसेलची पहिली तपासणी सोपी आहे. बोटातलं थेंबभर रक्त नळीतल्या द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की एचबी-एस, म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन, आहे. वाहक की रुग्ण, हे मात्र इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या लॅब तपासण्यांनीच ठरतं. हिरड्यांतून रक्त येत असेल, अंगावर विनाकारण निळे डाग उठत असतील, तर ल्युकेमियासाठी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताची स्लाइड बघायला हवी. पक्कं निदान बहुधा अस्थिमज्जेच्या तपासणीनं होतं.

त्यात हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल गोंधळ वाढवते, कारण ती दोन्हीकडे वापरतात. ल्युकेमियात ती डीएनए बनणं रोखून वाढलेल्या पांढऱ्या पेशी खाली आणते. सिकलसेलमध्ये ती बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवते आणि ते तंतू बनू देत नाही. गोळीची माहिती मोबाइलवर वाचून 'कॅन्सरची गोळी' म्हणून ती परस्पर बंद केली, तर दुखण्याचे झटके पुन्हा वाढू शकतात. शंका असेल तर डॉक्टरला विचारा, आणि ती चालू असेपर्यंत सीबीसी ठरल्या वेळी करत राहा.