मेक-आधारित संकेतस्थळ बांधणी

मेक-आधारित संकेतस्थळ बांधणी : लिहून ठेवलेल्या मजकुरापासून स्थिर (आधीच तयार करून ठेवलेल्या पानांच्या) संकेतस्थळाची पाने तयार करण्याचे व ती सर्व्हरवर चढविण्याचे काम युनिक्स या संगणक कार्यप्रणालीतील ‘मेक’ या प्रोग्रॅमकडे सोपविण्याची पद्धत.

मेक हा स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लिहिला. त्याच्या सालाबाबत एकवाक्यता नाही. १९७७ हे साल पुष्कळदा दिले जाते, पण ते प्रयोगशाळेच्या अहवालाचे आहे, आणि १९७९ हे नियतकालिकात लेख छापून आल्याचे. प्रत्यक्ष लेखन १९७६ मध्ये झाले असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. निमित्त फेल्डमन यांनीच सांगितले आहे. ‘याक’ या दुसऱ्या युनिक्स प्रोग्रॅमचे कर्ते स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ बिनचूक प्रोग्रॅममधील चूक शोधण्यात गेली, कारण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल (यंत्राला चालवता येईल अशा रूपात रूपांतरित) करायचीच राहिली होती. मेकफाइलमधील (मेकने काय करायचे ते लिहिलेल्या फाइलमधील) आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू करण्याचा जाचक नियमही त्याच काळातला. तो बदलावा असे वाटेपर्यंत डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि फेल्डमन यांना त्यांचे काम मोडायचे नव्हते. ग्नू मेकमध्ये (ग्नू प्रकल्पाने केलेल्या मेकमध्ये) टॅबऐवजी दुसरे चिन्ह निवडण्याची सोय ३.८२ या आवृत्तीपासून (२०१०) आहे.

मेक फक्त फाइलींच्या शेवटच्या बदलाची वेळ पाहतो. एचटीएमएल पान हे लक्ष्य, म्हणजे बनवायची फाइल. मजकुराची फाइल व सामाईक साचा ही त्याची अवलंबने, म्हणजे ज्यांपासून ते बनते त्या फाइली. अवलंबन लक्ष्याहून नवे असेल तरच पॅनडॉकसारखे मजकुराचे रूपांतर करणारे साधन चालवून पान नव्याने काढले जाते. म्हणून एक लेख सुधारला तर एकच पान बनते, सामाईक साचा बदलला तर सगळी. साचा अवलंबनांत लिहायचा राहून गेला, तर जुनी पाने तशीच राहतात आणि मेक सर्व अद्ययावत असल्याचे सांगतो. या पद्धतीतील बहुतेक घोटाळे इथेच होतात. काढून टाकलेल्या लेखाचे तयार पानही मेक आपणहून पुसत नाही. प्रकाशनासाठी सहसा आरसिंक (१९९६) हा फाइली दुसऱ्या यंत्रावर उतरवणारा प्रोग्रॅम वापरतात. मूळ जागी नसलेल्या फाइली सर्व्हरवरूनही काढायच्या, तर त्याला तसे वेगळे सांगावे लागते.

गिट हे फाइलींच्या आवृत्त्या जपणारे साधन त्यांच्या बदलाची वेळ जपून ठेवत नाही. नव्या यंत्रावर उतरवलेल्या प्रतीत सर्व फाइलींवर उतरवल्याची वेळ पडते. तयार पाने गिटमध्ये ठेवलेली नसतील तर तेथे संपूर्ण संकेतस्थळ पुन्हा बांधले जाते, आणि ठेवलेली असतील तर कोणते पान जुने हे वेळेवरून ओळखता येत नाही. त्यामुळे तयार पाने गिटबाहेर ठेवणेच बरे.