रेवडीची कुस्ती आणि आरशातला चेहरा

परीक्षेचा अर्ज भरायची वेळ आली की पासपोर्ट फोटो घेऊन आलेली एखादी मुलगी हमखास म्हणते, "मॅडम, मी अशी दिसते व्हय?" शेजारची मैत्रीण फोटोत डोकावते. "तशीच दिसतीस की!" दोघीही खरंच बोलत असतात.

१९७७ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. काही तरुणींच्या फोटोंच्या दोन-दोन प्रती काढल्या. एक सरळ आणि दुसरी आरशात दिसते तशी, डावं-उजवं उलटलेली. त्या तरुणींना स्वतःची आरशातली प्रत जास्त आवडली, तर त्यांच्या मैत्रिणींना सरळ प्रत. जो चेहरा रोज डोळ्यांसमोर असतो तो आपल्याला बरा वाटतो. आपण स्वतःला जन्मभर आरशात पाहतो, त्यामुळे फोटोतला चेहरा किंचित परका वाटतो. त्यात चेहऱ्याचा काहीच दोष नसतो. रेकॉर्ड केलेल्या आवाजाचंही तेच. बोलताना आपला आवाज हवेतून कानात येतो, तसाच कवटीच्या हाडांमधूनही आतल्या कानापर्यंत पोचतो. हाडांमधून येणारा भाग आवाजाला भरदारपणा देतो. रेकॉर्डिंगमध्ये तो नसतो, म्हणून आपला आवाज आपल्यालाच पातळ वाटतो.

मी कोल्हापुरात मानसशास्त्र शिकवते. माझ्या वर्गात शहरातली मुलं असतात, तशीच चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीकडून एसटीनं आलेली आणि वसतिगृहात राहणारीही असतात. फोटो आणि आवाजाच्या या गोष्टी मी पहिल्याच महिन्यात सांगते. स्वतःबद्दलचं आपलं चित्र म्हणजे नोंदवून ठेवलेलं सत्य असतं असं त्यांनी धरून चालू नये, एवढंच मला हवं असतं. जिथं चेहरा आणि आवाजसुद्धा आपल्याला नीट ओळखता येत नाही, तिथं 'मला बोलता येत नाही', 'माझ्यात काही नाही' ही वाक्यं तपासल्याशिवाय का मानायची?

मागं एका मुलीनं सेमिनारचा विषय घेतला आणि आदल्या दिवशी येऊन तो रद्द करा म्हणाली. "सगळी माझ्याकडंच बघणार, मॅडम." तिला मी कॉर्नेल विद्यापीठातला प्रयोग सांगितला. तो २०००मध्ये प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला अवघडल्यासारखं वाटेल अशा गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून, मुलांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. नंतर त्याला विचारलं, कितीजणांच्या ते लक्षात आलं असेल? असे बरेच विद्यार्थी झाले. त्यांचा सरासरी अंदाज निघाला जवळपास निम्म्यांचा. प्रत्यक्षात साधारण पाव मुलांच्याच ते ध्यानात आलं होतं. प्रत्येकाला आपल्यावर दिवा रोखलेला वाटतो, कारण प्रत्येकजण आपल्याच डोळ्यांमागं बसलेला असतो.

तिला हे पटलं, पण भीती काही गेली नाही. जाणारही नव्हती, कारण माहिती आणि विश्वास यांच्या वाटा वेगळ्या असतात. यापुढचं विज्ञान मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि कोल्हापूरकराला ते समजायला पुस्तकाची गरज पडू नये.

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली 'सेल्फ एफिकसी' ही कल्पना मांडली. अमुक एक काम मला जमेल, हा विश्वास. 'मी चांगला माणूस आहे' या भावनेहून तो वेगळा आहे, आणि तो कामागणिक बदलतो. आखाड्यात वाघ असलेल्या पैलवानाला बँकेतला इंग्रजी अर्ज भरताना घाम फुटू शकतो. हा विश्वास चार वाटांनी येतो असं बंडुरा सांगतो. स्वतः करून पाहिलेलं काम, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते करताना पाहणं, जाणत्या माणसाचा शब्द, आणि त्या क्षणी आपलं शरीर काय सांगतंय याचा आपण लावलेला अर्थ. चारांत पहिली वाट सगळ्यांत पक्की.

त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे सापाला घाबरणाऱ्या माणसांवर तपासलं. काहींनी दुसऱ्याला अजगर हाताळताना फक्त पाहिलं. काहींनी शिकवणाऱ्याच्या मदतीनं पायरीपायरीनं स्वतः हाताळला, आणि ती मदत हळूहळू काढून घेतली गेली. नुसतं बघणाऱ्यांनाही थोडा फायदा झाला. स्वतः हात लावणाऱ्यांचा विश्वास मात्र खूप जास्त वाढला, आणि सरावात कधी न आलेल्या दुसऱ्या जातीच्या सापासमोरही तो टिकला.

आता आपल्या एखाद्या गावच्या जत्रेतलं मैदान आठवा. दुपारी सुरुवातीला पोराटोरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांवर. पंच दोन पोरांना शेजारी उभं करतात, उंची बघतात, अंग बघतात, मग जोड लावतात. हलकी जोड लावली तर जिंकण्यात चव नाही, भारी लावली तर पोरगं पुन्हा लंगोट बांधायचं नाही. रेवडीवरून नारळ, नारळावरून इनामाच्या कुस्त्या, आणि नशीब असेल तर शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१२ पासूनचं खासबाग मैदान. फार सोप्या यशानं आलेला विश्वास पहिल्या धक्क्याला मोडतो, थोडं झगडून मिळवलेल्या यशाचा टिकतो, असं बंडुरानं लिहिलं आहे. जोड लावणाऱ्या जाणत्या पंचाला हे आधीपासून ठाऊक असतं.

तालमीत बाकीच्या वाटाही आहेत. हौद्याच्या कडेला बसलेलं पोरगं आपल्याच वयाच्या, आपल्याच गल्लीतल्या पोराला ढाक हा डाव मारताना बघतं. इथं मोठा मल्ल पाहून तेवढं काम होत नाही. बघणाऱ्याला 'हा माझ्यासारखाच आहे' असं वाटावं लागतं. शब्दाचं म्हणाल, तर तो बोलणाऱ्याच्या वजनावर चालतो. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लाल मातीतला हा मल्ल मॅटवर उतरला आणि सहावा आला. १९५२मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. 'तू करशील' हे वाक्य सगळेच म्हणतात. त्यामागं घर गहाण ठेवणारा माणूस भेटला तर त्या शब्दाचं काय होत असेल!

आणि शड्डू. कुस्तीआधी छाती धडधडत असतेच. पैलवान ती धडधड दाबत बसत नाही, मांडीवर थाप मारून तिला वाट देतो. २०१४ साली हार्वर्डमधल्या एका संशोधिकेचे प्रयोग प्रसिद्ध झाले. लोकांना गायला लावलं, भाषण करायला लावलं. 'मला हुरूप आलाय' असं आधी स्वतःला सांगणाऱ्यांचं भाषण 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा सरस झालं. धडधड भीतीतही होते आणि उत्साहातही, तिला नाव आपण देतो. धडधडणाऱ्या शरीराला शांत म्हणणं खोटं पडतं, हुरूप म्हणणं जवळचं वाटतं.

खोटं पडण्याचा हा मुद्दा मी मुलांना आवर्जून सांगते, कारण आरशासमोर उभं राहून 'मी सर्वोत्तम आहे' असं रोज म्हणा, हा सल्ला त्यांना मोबाइलवर सतत मिळतो. कॅनडात २००९ साली झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच हलकं होतं, त्यांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' हे वाक्य वारंवार म्हटल्यावर आणखी वाईट वाटलं. नंतर इतरांनी तसाच प्रयोग केला तेव्हा हा तोटा दिसला नाही, म्हणून मी त्यावर फार भार टाकत नाही. पण ज्याला सगळ्यांत गरज आहे त्याला नुसत्या वाक्यानं उभं करता येतं, असा भरवसाही मला यातून मिळत नाही. छाती काढून, हात पसरून उभं राहिल्यानं शरीरातली संप्रेरकं बदलतात, हा २०१०चा गाजलेला दावाही २०१५मध्ये जास्त माणसांवर तपासल्यावर टिकला नाही. मन पुरावा मागतं, आणि तो आपल्यालाच जमवावा लागतो.

त्या मुलीचा सेमिनार मी रद्द केला नाही, पण तीन आठवडे पुढं ढकलला. तिची जोड लावायची होती. पहिल्या आठवड्यात रंकाळ्याच्या कट्ट्यावर एका मैत्रिणीसमोर पाच मिनिटं. मग वसतिगृहाच्या खोलीत चौघींसमोर, मध्येच प्रश्न विचारायची त्यांना मुभा. मग रिकाम्या वर्गात, माझ्यासमोर. दरवेळी वहीत दोन ओळी लिहायच्या. आधी काय होईल असं वाटलं होतं, आणि प्रत्यक्षात काय झालं. पहिल्या पानावर होतं, 'वाटलं होतं, मध्येच थांबेन. थांबले. मग पुन्हा सुरू केलं.'

सेमिनारच्या दिवशी ती तिसऱ्या मिनिटाला अडली, कागद खाली पडला, तो उचलून तिनं उरलेलं सांगितलं. वर्गातली निम्मी मुलं घड्याळ बघत होती. संध्याकाळी वही दाखवायला आली तेव्हा तिनं नवीन ओळ लिहिली होती, आणि खाली पेन्सिलीनं एक प्रश्न: पुढचा सेमिनार इंग्रजीत घेतला तर किती दिवस आधीपासून सुरुवात करावी लागेल?