शीण वेगळा, टेन्शन वेगळं

दिवाळीच्या आठवड्यात घरातलं कुणी कपाळाला हात लावून बसलं की दोनच उत्तरं ऐकू येतात: "दमलेय गं" नाहीतर "टेन्शन आलंय". दोन्ही शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, कारण बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. डोकं ठणकतं, क्षुल्लक कारणावरून खेकसायला होतं, जेवावंसं वाटत नाही. पण शिणाला विश्रांती लागते आणि टेन्शनला निर्णय. टेन्शन आलेल्या माणसाला "जरा पड" म्हणून खोलीत पाठवलं, तर तो पंख्याकडे बघत हिशेब करत राहतो. आणि दमून गेलेल्या बाईला वही-पेन देऊन नियोजनाला बसवलं, तर किराण्याच्या यादीत साखर दोनदा येते, डालडा राहून जातो.

शीण शरीरात ठरावीक जागी असतो. टाचा, पोटऱ्या, कंबर, आणि चकलीचा सोऱ्या फिरवला असेल तर मनगट. टेन्शनही अंगात उतरतं, पण दुसरीकडे: दात आवळलेले, खांदे कानाकडे चढलेले, पोटात गोळा, पुन्हा पुन्हा लघवीला जावंसं वाटणं. तरीही कळत नसेल तर दुपारी 3 च्या आत, फोन बाहेरच्या खोलीत ठेवून, 20 मिनिटं आडवं व्हा. शीण असेल तर डोळा लागतो किंवा निदान अंग हलकं होतं. टेन्शन असेल तर पाचव्या मिनिटाला डोक्यात यादी सुरू होते. गजर मात्र लावाच. झोप पाऊण तासावर गेली की उठल्यावर डोकं जड राहतं आणि रात्रीची झोपही बिघडते.

या दोघांत घुसणारं तिसरं एक आहे: भूक. फराळ करताना चव घेत घेत पोट भरल्यासारखं वाटतं आणि दुपारचं जेवण राहून जातं. मग 4 वाजता हात थरथरतात, घाम येतो, धडधडतं आणि त्यालाही टेन्शन म्हणतात. ताटभर वरण-भात खाल्ला की ते जातं. चहा-लाडवाने तेवढ्यापुरतं जातं, पण तासाभराने पुन्हा येतं. मधुमेहाची औषधं चालू असतील तर हे लक्षण थेट साखर उतरल्याचंही असू शकतं. तेव्हा आधी साखरेचं पाणी, मग जेवण.

शीण मुख्यतः कामं दोन दिवसांत कोंबल्यामुळे येतो. कुठला पदार्थ किती टिकतो ते बघून क्रम लावला की अर्धा प्रश्न सुटतो. अनारशाचे तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे असतात आणि गूळ घातलेलं पीठ पुढे चार-पाच दिवस मुरायला लागतं, म्हणून त्याची सुरुवात सर्वांत आधी. शंकरपाळे आणि चिवडा आठ-दहा दिवस आधी केले तरी चालतात, फक्त चिवडा पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नये, नाहीतर सादळतो. बेसनाचे लाडू आणि चकली त्यानंतर. ओल्या नारळाच्या करंज्या जेमतेम दोन दिवस टिकतात, त्या शेवटी. दिवसाला दोनच पदार्थ, त्यातला तळणीचा एकच.

अर्धा किलो बेसन मंद आचेवर खमंग भाजायला 25-30 मिनिटं हात चालवावा लागतो. घाईने आच वाढवली की बेसन बाहेरून लाल, आतून कच्चं, आणि लाडू टाळूला चिकटतो. म्हणून हे काम थकल्यावर संध्याकाळी काढू नये. ओट्यापाशी उभं राहताना पायाखाली जाड पायपुसणं आणि एक पाय छोट्या पाटावर ठेवा. दर दहा मिनिटांनी पाय बदलला की कंबर कमी भरते. करंज्या भरणं, शंकरपाळे कातणं ही बसून करायची कामं आहेत. ती उभ्याने कशाला? गॅसजवळ घाम बराच जातो. लघवी गडद पिवळी दिसली तर समजा पाणी कमी पडतंय.

पहाटे साडेचारला अभ्यंगस्नानाला उठायचं आणि आदल्या रात्री एकपर्यंत आकाशकंदिलाची वायर जोडत बसायचं, यात साडेतीन तास झोप होते. ती चूक नरकचतुर्दशीला कळत नाही, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भांडण होतं तेव्हा कळते.

टेन्शनचं मूळ न ठरलेल्या गोष्टींत असतं. पाडव्याला कुणाकडे जेवायचं? ओवाळणी किती? एका कागदावर तीन रकाने करा: मी करणार, दुसऱ्याला देणार, यंदा नाही. पहिल्या दोन रकान्यांत प्रत्येक कामापुढे नाव आणि वार लिहा. तिसरा रकाना रिकामा राहिला असेल तर यादी खरी नाही. पैशांचेही असेच गट करा: कपडे, किराणा, ओवाळणी आणि भेटी, प्रवास, आणि कामाच्या मावशी व वॉचमनदादांची दिवाळी. शेवटचा गट हमखास विसरतो आणि मग ऐन धनत्रयोदशीला एटीएमच्या रांगेत आठवतो.

नकार द्यायचा तर आठवडाभर आधी आणि वेळेसकट: "आई, पाडव्याला आम्ही दुपारी जेवायला येतो, पाचला निघू." त्याच दिवशी उठून निघायला लागलं तर तेच वाक्य अपमान वाटतं. धडधड वाढलीच तर चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. श्वास सोडताना हृदयाची गती उतरते, म्हणून सोडणं लांब. यामुळे उधारी फिटत नाही, पण बोलताना आवाज चढत नाही.

बहुतेक घरांत दोन्ही एकत्रच असतात. तेव्हा आधी शीण काढा. रात्री साडेअकराला सुरू झालेला पैशांचा किंवा सासर-माहेरचा विषय कागदावर लिहून सकाळवर ढकलावा. झोप अपुरी असलेल्या डोक्याला प्रत्येक गोष्ट मोठी दिसते.

सण सरल्यावरही दोन आठवडे झोप नाही, कशात मन लागत नाही असं असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या सरकारी क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतूनही. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असेल तर त्याला शीण-टेन्शन काहीच म्हणत बसू नका, 108 ला फोन करा. आणि गावाला जाताना बीपीच्या गोळ्या मुक्कामाच्या दिवसांपेक्षा तीन दिवसांच्या जास्त घ्या, हातातल्या पिशवीत.