जीव वाचला, पण कुणाच्या मर्जीनं?

मार्गारेट ॲटवूडची ‘द हँडमेड्स टेल’ (1985) आणि जोआना रसची ‘वी हू आर अबाउट टू’ (1977). आमच्या कोल्हापुरातल्या वाचनगटात या दोन कादंबऱ्यांची हमखास गल्लत होते. “बायकांवर मुलं लादतात, तीच ना?” गल्लत होणारच. दोन्हींत एक बाई आपली हकिगत आवाजात नोंदवून ठेवते, पुढं ती कुणी ऐकेल याची खात्री नसताना.

दोन्हींतला फरक मला उमगला तो 2019 च्या पुरामुळं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. त्या ऑगस्टात पाणी 55 फुटांच्या वर गेलं. चिखलीकडच्या आमच्या एक मावशी गोठ्याच्या दारात कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, हातात दावं घट्ट धरून. “म्हशी सोडल्याबिगर मी बसत न्हाई.” शेवटी पोरांनी त्यांना उचलूनच बोटीत ठेवलं. मावशी आजही म्हणतात, “जीव वाचला खरा, पर इचारलं कुनी मला?”

जीव वाचणं आणि आपल्या जिवाचं आपण ठरवणं, या दोन गोष्टी त्या एका वाक्यात वेगळ्या झाल्या.

ॲटवूडची नायिका तगून राहते. गिलियड या कादंबरीतल्या कल्पित राजवटीत जन्मदर कोसळलाय, म्हणून मूल होऊ शकणाऱ्या बायका बड्या अधिकाऱ्यांच्या घरी नेमून दिल्यात. तिचं नाव ऑफ्रेड, म्हणजे त्या घरच्या अधिकाऱ्याची, फ्रेडची. (लग्नात स्वतःचं नाव बदललेल्या आपल्याकडच्या बायकांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.) ती जेवणातला लोण्याचा तुकडा बुटात लपवून खोलीत आणते आणि रात्री तोंडाला, हाताला चोळते. क्रीम द्यायला मनाई आहे, पण कातडी मऊ राहिली पाहिजे, कारण कधीतरी इथून सुटायचंय. मला ही कादंबरी त्या लोण्यात दिसते. आज मान खाली घालायची, जीव राखायचा. शरीर उद्या पुन्हा आपलं होईल.

रसच्या नायिकेला असा उद्या नाहीच. यान भरकटून आठ जण एका ओसाड ग्रहावर अडकतात, पाच बायका आणि तीन पुरुष. सुटकेची आशा शून्य. बाकीचे लगेच वसाहतीचे बेत आखतात, आणि वसाहत म्हणजे बायकांनी मुलं काढायची. ती नाही म्हणते. इथं राजवट नाही, पहारेकरी नाहीत. कालपर्यंत शेजारच्या आसनावर बसलेली माणसंच तिच्या गर्भाशयाचा हिशोब मांडू लागतात, आणि तेही मानवजातीच्या नावानं. मला हे गिलियडपेक्षा जास्त अंगावर येतं. विज्ञानही तिच्याच बाजूनं आहे: आठ माणसांवर वंश टिकत नाही, काही पिढ्यांत रक्ताच्या नात्यातच लग्नं होऊन दोष साचत जातात. तिला मरण नीट, शुद्धीवर राहून हवंय. त्यासाठी ती इतरांचे जीव घेते, ते मला पटत नाही. पण तिचा नकार शंभर टक्के पटतो.

म्हणून रसच्या कादंबरीला ‘निराशावादी’ ठरवून बाजूला सारू नका. आधी ॲटवूड वाचा, लगेच मागून रस.

मावशींना मी रसची गोष्ट तोंडी सांगितली. ओसाड ग्रहापाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं. “वसाहत ऱ्हाऊ दे. तिथलं पानी तरी प्यायजोगं हुतं का?”