एलईडी बल्ब (घरगुती वापर)

अर्धवाहक डायोडच्या (वीज वाहताच उजळणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक घटकाच्या) साहाय्याने प्रकाश देणारा, कमी विजेवर चालणारा दिवा. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये टंगस्टनची तार तापून प्रकाश पडतो आणि नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेत जाते. एलईडीत तार नसते. निळा प्रकाश देणाऱ्या डायोडवर पिवळ्या फॉस्फरचा (निळ्या प्रकाशाचा काही भाग शोषून पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा) थर देऊन पांढरा उजेड मिळवतात. हा निळा डायोड घडवल्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

६० वॅटच्या पिवळ्या बल्बचे काम ९ वॅटचा एलईडी सहज करतो. रोज पाच तास लावला तर पिवळा बल्ब महिन्याला ९ युनिट घेतो, एलईडी १.३५. असे चार दिवे बदलले की सुमारे ३० युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतर दर चढतो. म्हणून ज्या घराचा वापर शंभरीच्या थोडा वर जातो, त्याला ही बचत सर्वांत मोलाची. वीज गेल्यावर इन्व्हर्टरही जास्त वेळ पुरतो.

दुर्लक्षित राहतो तो देवघरातला किंवा जिन्यातला ‘झिरोचा बल्ब’. तो साधारण १५ वॅटचा असतो. रात्रभर दहा तास जळला तर महिन्याला साडेचार युनिट होतात, म्हणजे वरच्या ९ वॅटच्या एलईडीच्या तिपटीहून जास्त! त्याजागी अर्ध्या वॅटचा एलईडी पुरतो, आणि घरात पहिला बदलावा तो हाच.

मधल्या काळात सीएफएल (वळवलेल्या छोट्या ट्यूबलाइटसारखे दिवे) रूढ झाले. तेही वीज वाचवत. पण त्यांत पारा असल्याने फुटलेला दिवा जपून उचलावा लागे. एलईडीत पारा नसतो. सुरुवातीला एलईडी महाग होते. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या ‘उजाला’ योजनेत ईईएसएल या सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केली, त्यामुळे किंमत झपाट्याने उतरली. योजनेत ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले.

खरेदी करताना वॅटपेक्षा खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा पाहावा. उजेड तो सांगतो. प्रकाशाची रंगछटा केल्व्हिनमध्ये लिहितात: २,७०० ते ३,००० केल्व्हिनचा दिवा पिवळसर, ६,५०० चा पांढराशुभ्र. झोपण्याच्या खोलीला पिवळसरच बरा. एलईडी लवकर जातो तेव्हा दोष बहुधा डायोडचा नसून आतल्या ड्रायव्हरचा (डायोडला योग्य प्रमाणात वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) असतो, आणि उष्णता त्याला सोसत नाही. त्यामुळे हवा न खेळणाऱ्या बंद काचेच्या शेडमध्ये, तसा वापर चालेल असे खोक्यावर लिहिले नसेल तर, तो लावू नये.